बियाण्याचं झाड खात नसतात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावरचं तोरण उतरवायचं आणि त्यातला सुकलेला झेंडू एखाद्या रिकाम्या कुंडीत कुस्करून टाकायचा, हे आमच्या घरात माझ्या आधीपासून चालत आलेलं. झेंडू उगवतोच. त्याला कुणी विचारत नाही, तोही कुणाला विचारत नाही. २०२१ च्या दसऱ्यानंतर मात्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तोरणात होते मुठीएवढे गच्च भरलेले केशरी गेंद. त्यांच्या बियांतून आलेली झाडं निम्मी ढोपराएवढी, निम्मी कमरेएवढी, आणि फुलं काही भरलेली तर काही नुसती एकेरी, अगदी केविलवाणी. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माझ्या भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीत आलं : "ताई, बाजारातला झेंडू संकरित असतो. बी धरायचं असेल तर सरळ वाण लाव."

सरळ वाण म्हणजे ज्याच्या बियांतून आईच्या वळणावर गेलेलं लेकरू येतं तो. भाज्यांत याला आपण गावरान म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी ती बातमी एकमेकांना पाठवली होती, मीही पाठवली होती. पण फुलांचंही असं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बियाणं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

फुलं खायचं खूळही त्याच सुमाराला शिरलं. एका लग्नात रबडीच्या वाटीत प्रत्येकाला एकेक जांभळं फूल ठेवलं होतं. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी ते चमच्याने उचलून ताटाच्या कडेला ठेवलं, कढीपत्ता ठेवतात तसं. मी खाल्लं. पालकाच्या कोवळ्या पानासारखं लागलं, म्हणजे फारसं काहीच नाही. पण मग वाटत राहिलं, सजवायला म्हणून ठेवलेलं आणि खरंच चवीचं असलेलं, अशी दोन्ही कामं करणारी फुलं असतील ना? फुलवाल्याकडची फुलं खायचा प्रश्नच नव्हता. ती खाण्यासाठी पिकवलेलीच नसतात, त्यांच्यावर काय आणि किती फवारलंय याचा हिशोब कुणी ठेवत नाही. नर्सरीतून आणलेल्या फुललेल्या रोपाचंही तेच. खायचं असेल तर बियांपासून सुरुवात. आणि बीसुद्धा बघून घ्यायचं, कारण काही पाकिटांत बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी नाहीतर निळसर रंगाचं. तसलं घेतलं नाही.

पहिल्या वर्षी तीनच गोष्टी लावल्या : गोकर्ण, झेंडूसारखी दिसणारी पिवळी-केशरी कॅलेंडुला आणि नॅस्टर्शियम.

गोकर्ण आपलीच, कुंपणाकुंपणावर दिसते, म्हणून ती सोपी जाईल असं धरून चालले होते. जूनमध्ये ऑनलाइन मागवलेल्या वीस बिया टाकल्या आणि महिनाभर ओल्या मातीकडे बघत बसले. दोन उगवल्या. मी बियाणंवाल्याला मनात यथेच्छ शिव्या घातल्या. दोष त्याचा नव्हता. गोकर्णाच्या बीचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. कुंपणाखाली पडलेल्या बीला ऊन, पाऊस, माती मिळून झिजवतात, कुंडीत ते काम आपण करायचं असतं. पुढच्या खेपेला प्रत्येक बी काचपेपरवर चार-पाच वेळा घासली, जिथून अंकुर येतो तो डोळा सोडून, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवली. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या त्या पेरल्या, न फुगलेल्या पुन्हा घासल्या. आठवड्यात वीसपैकी सतरा वर आल्या.

कॅलेंडुलाची गोष्ट उलटी. ती भराभर उगवली आणि भराभर मेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ट्रेमध्ये दाट पेरलं, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातलं आणि वर प्लॅस्टिकही झाकलं. आठव्या दिवशी हिरवी लव आली. बाराव्या दिवशी सकाळी बघते तर निम्मी रोपं बुडाशी काळी पडून आडवी. रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच. ओल जास्त, वारा नाही, दाटी भरपूर, बुरशीला आणखी काय हवं! उरलेली पुन्हा विरळ करून लावली, पाणी ट्रेच्या खालून द्यायला लागले आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय झारीला हात लावायचा नाही असं ठरवलं. डिसेंबरात पहिलं फूल आलं.

नॅस्टर्शियममध्ये मात्र माझा खरा जीव अडकला. हे मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. बी चण्याएवढं, सुरकुतलेलं, हाताळायला सोपं. पान छत्रीसारखं गोल, देठ बरोबर मधोमध, आणि त्यावर पडलेलं पाणी अळूच्या पानावर पळतं तसं पळतं. फुलाला मागे एक लांब शेंडी असते आणि त्या शेंडीत मध. फूल तोंडात टाकलं की आधी तो गोड थेंब लागतो, मग दोन सेकंदांनी फेसलेल्या मोहरीसारखा झणका नाकात चढतो. झणका येतो तोही मोहरी-मुळ्याच्या तिखटपणाच्या जातकुळीतल्याच द्रव्यामुळे. 'नॅस्टर्शियम' या लॅटिन शब्दाचा अर्थही नाक पिळणारं असाच आहे. पानं तशीच लागतात. हिरव्या बियाही, आणि त्या व्हिनेगरमध्ये मुरवतात.

मी त्यात एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचा वाण निवडला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पानं काळपट निळसर-हिरवी, फूल गडद लाल. १८७६ मध्ये राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी मिळाली आणि मग ती फुलाला काय, बागेला काय, सगळ्यांना चिकटवण्यात आली. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं नावही त्याच बाईंवरून. मी निवडला तो मात्र फक्त पानांच्या रंगासाठी.

पहिल्या वर्षी त्यांना मी लाडाने निम्मं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. पानं आली बशीएवढी. वेल कठड्यावरून खाली उतरून शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावला. फुलं? जानेवारी संपेपर्यंत चार. भावाला विचारलं तर हसला. नॅस्टर्शियमला हलकी, भुकेली माती लागते. पोट भरलेलं असलं की ते फुलायच्या भानगडीत पडत नाही. पुढच्या वर्षी नेहमीची कुंडीची माती, वाळू आणि कोकोपीट एवढंच, वरून खत शून्य. पानं लहान आली आणि नवरात्र संपता संपता पेरलेल्या झाडांनी डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं धरली.

मग मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, आला. फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यांवर काळ्या ठिपक्यांचा थर, आणि पानांवर नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. एरवी काहीतरी फवारून मोकळी झाले असते. पण खायचं झाड म्हटल्यावर हात बांधले जातात. पाइपच्या बारीक धारेने मावा धुवून काढायचा, नागअळीची पानं खुडून फेकायची, परत दोन दिवसांनी तेच. त्या झाडांवर मला छोट्या मगरींसारख्या दिसणाऱ्या, काळ्या अंगावर केशरी ठिपके असलेल्या अळ्याही सापडल्या. पंधरा-वीस तरी मी चिमटीत धरून चिरडल्या असतील. नंतर कळलं, त्या ठिपकेदार लेडीबर्ड भुंग्याच्या अळ्या, मावा खाऊन फस्त करणाऱ्या. म्हणजे पोलिसांनाच चोर समजून मारलं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात गोकर्णाने गच्चीची जाळी निळी करून टाकली होती. गोकर्णाचा निळा पाण्यात उतरतो आणि लिंबू पिळलं की जांभळा होतो, ही जादू आता सगळ्यांना माहीत आहे, पाहुण्यांच्या मुलांना दाखवून मीही कंटाळले. गणपतीत मी त्या पाण्यात मोदकांची उकड काढली. मनात चित्र होतं निळ्याशार मोदकांचं. पिठीत मिसळल्यावर आणि वाफवल्यावर रंग आला शाळेच्या जुन्या, धुवून धुवून विटलेल्या निळ्या पॅंटसारखा. चवीत काडीचा फरक नाही. नवऱ्याने तीन खाल्ले आणि विचारलं, "पांढरे उरलेत का?" कॅलेंडुलाचं बरोबर उलट आहे. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतो. सुकवलेल्या पाकळ्या मंद आचेवर तुपात परतून त्या तुपात शिरा केला की केशर घातल्यासारखा दिसतो. वास केशराचा नसतो, थोडा वाळल्या गवताचा असतो. उगाच खोटं कशाला सांगू!

कॅलेंडुलाचा मधला गाभा टाकायचा, पाकळ्याच घ्यायच्या. झेंडूच्या पाकळीचं पांढरं बूड कडू लागतं, तेही खुडायचं. ज्यांना परागकणांनी शिंका सुटतात त्यांनी या दोन्हींपासून जरा लांबच राहावं. फुलं सकाळी दव सुकलं की काढायची, झटकायची, कारण आत मुंगी नक्की असते. आणि नाव खात्रीने माहीत नसेल तर तोंडात घालायचं नाही. कण्हेर, धोतरा, कळलावी हे विषारी, हे आपल्याला लहानपणी दटावून सांगितलेलं असतं. फसवतात ती परदेशी नावं. बियांच्या देवाणघेवाणीत एका मैत्रिणीने मला 'स्वीट पी' दिली होती, "मटारचंच फूल गं, खातात" म्हणून. ती मटार नव्हे. ती ज्या वंशातली आहे त्याच वंशात आपली लाखेची डाळ येते, जी अती खाऊन माणसं पायांनी अधू झाली. स्वीट पीमधलं विष थोडं निराळं, पण खायची नाहीच. पाकिटावर शास्त्रीय नाव लिहिलेलं होतं म्हणून मी वाचले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कुंडीतल्या पाटीवर पूर्ण नाव असतं.

तिसऱ्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीनंतर, सासूबाई वाईजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. मला धास्ती होती. देवाला वाहायचं फूल हुंगूसुद्धा न देणाऱ्या बाई, त्यांच्यासमोर फूल चावून खायचं कसं? दोन दिवस मी गच्चीवर जाऊन चोरून खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं.

"काय खातीस?"

"फूल. तिखट असतं, आई. बघा."

त्यांनी फूल हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, शेंडी दाताने तोडून मध चोखला (हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं) आणि उरलेलं चावलं. डोळ्यांत पाणी आलं. "बरं हाय की. झुणक्यात चांगलं लागंल." मग कठड्याला टेकून त्यांनी मला ऐकवलं की त्यांच्या परड्यात हादग्याचं झाड होतं, मुली हस्त नक्षत्रात फेर धरून हादगा खेळायच्या आणि त्याच झाडाच्या फुलांची भाजी जेवायला असायची. फुलातला मधला दांडा काढून टाकायचा, नाहीतर भाजी कडू होते. शेवग्याची फुलं, केळफूल, भोपळ्याच्या फुलांची भजी. "तुम्ही पाकिटातनं आणून खाता एवढंच."

मी जरा खजील झाले, जरा रागावलेही. एवढं सोपं असतं तर तीन वर्षं मी काचपेपर घासत का बसले असते?

पण त्या दिवशी त्यांनी खरं बघितलं ते निराळंच. आदल्या वर्षी मी एम्प्रेसच्या शेजारीच एका मिश्र रंगांच्या पाकिटातलं नॅस्टर्शियम लावलं होतं. मधमाश्यांनी आपलं काम केलं. त्यावर्षी धरलेल्या बियांतून आलेल्या अकरा झाडांपैकी सात फिक्या पानांची, पिवळ्या-केशरी फुलांची निघाली. तोरणातल्या झेंडूनंतर दुसऱ्यांदा तोच धडा, आणि या वेळी वाण सरळ असूनही. चारच झाडांची पानं काळपट होती. त्यांतल्या एकाचं फूल असं लाल की संध्याकाळी उजेड कमी झाला तरी ते दिसत राहायचं. वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनियसच्या लेकीने, एलिझाबेथने, १७६२ मध्ये लिहून ठेवलंय की तिन्हीसांजेला नॅस्टर्शियमच्या फुलांतून ठिणग्या उडताना दिसतात. पुढे कळलं की तो डोळ्यांचा खेळ आहे. मी बरेच दिवस सात वाजता त्या कुंडीपुढे बसले. ठिणगी दिसली नाही, डास चावले.

आईंनी ती कुंडी ओळखली, मी काही न सांगता. जुन्या नऊवारीची काठाकडची एक चिंधी आणली आणि झाडाच्या बुडाशी सैल बांधली. "ह्येचं फूल तोडायचं न्हाई. हे बियाण्याचं. बाकीची पिवळी-बिवळी खा आन् मग उपटून टाक, न्हाईतर परत भेसळ हुईल." गावाकडे दोडक्याचा, दुधीचा सगळ्यात चांगला एक वेलावरच राखायचा आणि त्याला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडत नाही, ही त्यांची पद्धत.

मला ते पटलं आणि पचलं नाही. तीन वर्षं मी राबले ते सगळ्यात देखणं, सगळ्यात तिखट फूल ताटात यावं म्हणून, आणि नेमकं तेच खायचं नाही. नॅस्टर्शियमच्या एका फुलामागे फार तर तीन बिया धरतात. एक फूल खाल्लं की तीन झाडं गेली. हा हिशोब एरवी पालक-मेथी खाताना कधी करावा लागत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पुतण्याच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे यायचे होते. काकडीची कोशिंबीर केली होती, दही घातलं होतं, वर लाल फुलं हवी होती. उन्हं तापायला लागली होती, बाकीच्या झाडांची फुलं संपत आलेली, उरलेली पिवळी फाटकी. चिंधीवाल्यावर आठ फुलं होती. मी पाच तोडली. कोशिंबीर सुंदर दिसली. पाहुण्यांपैकी दोघांनी फुलं ताटाच्या कडेला काढून ठेवली.

आई काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी ताटांच्या कडेची ती दोन फुलं उचलली, नळाखाली धुतली आणि खाल्ली. मग भांडी आवरताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बियाण्याचं झाड खात नसतात गं."

मार्चच्या उन्हात नॅस्टर्शियम आठ दिवसांत पिवळं पडतं. बी पिकलं की आपोआप गळतं, म्हणून मी कुंडीत वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. उरलेल्या तीन फुलांच्या चार बिया मिळाल्या. कॅलेंडुलाचं बी मात्र ओंजळभर निघालं. तिच्या एकाच बोंडात तीन तऱ्हेच्या बिया असतात, काही सुरवंटासारख्या गुंडाळलेल्या, काही होडीसारख्या पंखवाल्या, काही बाहेर लांब आकडा काढलेल्या, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं भेसळ झाली. गोकर्णाच्या शेंगा वाळल्या की उन्हात तडकून बिया लांब उडवतात, त्यांना जुन्या मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या.

आईंनी सगळं सावलीत दहा दिवस वाळवलं. मी कागदी पाकिटं आणि फ्रिजचा खालचा कप्पा म्हणत होते, त्या राख म्हणत होत्या. पुण्यात चुलीची राख कुठून आणायची? शेवटी काचेच्या बरणीत तळाला भाजून गार केलेले तांदूळ, त्यावर पाकिटं. त्या चार बियांचं पाकीट त्यांनी निराळं ठेवलं, देवघराच्या खणात. त्यावर मी लिहिलं : नॅस्टर्शियम, एम्प्रेस ऑफ इंडिया, फेब्रुवारी २०२५, बिया ४. त्यांनी खाली पेनने एक फुली मारली. विचारलं तर म्हणाल्या, "तुला कळायला."

यंदा दसऱ्यानंतर त्या चारही रात्रभर भिजवून, अर्धा इंच खोल, एका कुंडीत एक अशा पेरल्या. मिश्र पाकीट या वेळी आणलंच नाही. दहाव्या दिवशी दोन वर आल्या, चौदाव्या दिवशी तिसरी. चौथी आली नाही, उकरून पाहिलं तर मऊ होऊन गेलेली. तिसऱ्या-चौथ्या पानावर रंग कळायला लागला. एक फिकं आहे. दोन काळपट.

आई या दिवाळीला आल्या तेव्हा पिशवीतून डाळ, गूळ, कारळाची चटणी आणि सगळ्यात खाली फडक्यांचा एक बोळा निघाला. संध्याकाळी गच्चीवर गेले तर दोन्ही काळपट रोपांच्या कुंड्यांना गळ्याशी चिंध्या बांधलेल्या होत्या, झाडाला अजून कळीसुद्धा आलेली नसताना. फिक्या रोपाच्या कुंडीला काहीच नव्हतं. त्याचं एक कोवळं पान कुणीतरी आधीच खुडून खाल्लेलं होतं.